परदेशातील डोंगरवाटा आणि शनिवार-रविवारच्या लहानसहान अडचणी : अनुभव धागा

शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना डोंगरांची ओढ सह्याद्रीनेच लावलेली असते. राजमाची, नाणेघाट, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशा वाटांवर पाय तयार झालेले असतात आणि नव्या गावात बस्तान बसले, की पहिल्या मोकळ्या शनिवारी आपण जवळचा डोंगर कोणता, हे नकाशावर शोधू लागतो. सह्याद्रीत आपल्याला काळजी असते ती उन्हाची, पाण्याची आणि पावसाळ्यात निसरड्या झालेल्या कातळाची. पायथ्याच्या गावात वाट दाखवणारा कोणी ना कोणी भेटतो आणि परतल्यावर पिठले-भाकरी मिळते. परदेशातल्या डोंगरात पाणी बहुधा भरपूर असते आणि वाटाही रंगाने खुणा करून राखलेल्या असतात. परंतु थंडी, वारा, विजा, विरळ हवा, शेवटच्या बसची वेळ आणि विचारायला माणूस नसणे, या गोष्टी तिथे नव्याने शिकाव्या लागतात.

हे शिकणे बहुतेक वेळा किरकोळ अडचणींतूनच होते, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या मोहिमांची वर्णने पुष्कळ लिहिली जातात. बुटाचा सोल निघाला, डबा भिजला, ढग अचानक उतरले, अशा गोष्टी मात्र घरच्या गप्पांतच राहतात आणि पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून हा धागा सुरू करत आहे. आपण कुठे राहता, कोणत्या ऋतूत कोणत्या डोंगरावर गेला होता, काय अडले आणि त्यातून वाट कशी निघाली, हे कृपया सविस्तर लिहावे. जागेची उंची, ऋतू आणि तिथले नियम दिलेत तर वाचणाऱ्यांना अधिक मदत होईल.

बर्न, स्वित्झर्लंड

सुरुवात माझ्यापासून करतो. ऑगस्ट महिन्यातील एका शनिवारी मी आणि माझी पत्नी कांडरश्टेग या गावी गेलो होतो. गावाच्या वर १,५७८ मीटर उंचीवर एशिनेनझे नावाचे तळे आहे. तळ्याच्या उत्तरेकडील उतारावरून जाणारी वाट हॉयबेर्गवरून ओबर बेर्गली या कुरणापर्यंत जाते आणि तिथून पुढे चढत गेल्यास सुमारे २,८०० मीटर उंचीवरील ब्ल्यूमलिसआल्पच्या निवाऱ्यात मुक्काम करता येतो. आमचा बेत तोच होता. तळ्याच्या दक्षिणेला डोंगराचा स्पिट्झे श्टाइन नावाचा भाग गेली काही वर्षे हळूहळू खाली सरकत असल्यामुळे त्या बाजूच्या काही वाटा बंद ठेवलेल्या असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी बंद वाटांची यादी पाहणे इथे आवश्यकच आहे.

हॉयबेर्ग ओलांडल्यावर पत्नीच्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला आणि शंभरएक पावलांत पूर्ण निघाला. थोड्याच वेळाने डावाही गेला. हे बूट तिने पुण्यात हिमालयातील एका पदभ्रमणासाठी घेतले होते, फार वापरलेले नव्हते आणि अतिशय जपून कपाटात ठेवलेले होते. नंतर माहिती काढल्यावर समजले, की कारण नेमके हेच होते. अशा बुटांच्या सोलमधला मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतील बाष्पामुळे त्याचे हळूहळू विघटन होत राहते. बूट वापरात असले तर पायाच्या दाबाने थरातील ओल बाहेर पडत राहते. नुसते ठेवून दिलेले बूट मात्र वरून नवे दिसतात आणि आतून ठिसूळ होतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या बुटांना हा धोका अधिक आहे. भारतातून सामानात आलेले ट्रेकिंगचे बूट डोंगरावर नेण्यापूर्वी दोन्ही हातांनी जोराने वाकवून पाहावेत, सोलच्या मधल्या थरावर अंगठा दाबावा आणि बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट वापरू नयेत.

त्या वेळी आमच्या मागून येणाऱ्या एका वयस्कर स्विस जोडप्याने पिशवीतून रुंद कापडी चिकटपट्टी काढली. त्यांनी ती आपल्या पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून ठेवलेली होती, म्हणजे वेगळे ओझे नाही. पट्टी सोलखालून नेऊन बुटाच्या वरच्या बाजूला गुंडाळली आणि तिच्यावरून दोरी घट्ट बांधली. ओल्या गवतात पट्टी सैल पडते, दोरी टिकते. म्हणून दोन्ही हव्यात. अशा बुटांनी पुढचा चढ आणि त्यापलीकडचा घसारा करणे योग्य नव्हते. आम्ही निवाऱ्याच्या व्यवस्थापकांना दूरध्वनी करून येत नसल्याचे कळवले. हा दूरध्वनी फार महत्त्वाचा असतो. रात्रीचे जेवण आरक्षणाच्या संख्येवरून शिजते आणि न कळवता कोणी आले नाही, तर ती माणसे वाटेत अडकली असावीत अशी चिंता तिथे सुरू होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे नवे बूट घेण्याचा प्रश्नच नव्हता. पत्नीने साधे रोजचे बूट घातले आणि आम्ही खोऱ्यातील पिवळ्या खुणांच्या वाटेने चाललो. इथल्या खुणांचा अर्थ नवख्याने आधी समजून घ्यावा: नुसती पिवळी खूण म्हणजे साधी चालण्याची वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय स्थिर आणि बूट चांगले हवेत, आणि पांढरी-निळी-पांढरी म्हणजे आल्पाइन वाट, जिथे हातांचा, क्वचित दोराचाही उपयोग करावा लागतो. पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. ती सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या वेगावर बेतलेली असून तीत विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो. घरून पाहुणे आले, की त्या वेळेत मी निम्मी भर घालतो आणि ते गणित मला योग्य वाटते.

ग्लासगो, स्कॉटलंड

धाग्याबद्दल आभार. मी ग्लासगोत राहते. इथे ३,००० फुटांपेक्षा, म्हणजे ९१४.४ मीटरपेक्षा उंच शिखरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये अशा शिखरांची पहिली यादी प्रसिद्ध केली आणि आजच्या यादीत २८२ शिखरे आहेत. त्यांतील सर्वांत दक्षिणेचे बेन लोमंड, ९७४ मीटर, ग्लासगोहून एका दिवसात सहज होते. उंचीचा आकडा पाहून आपल्या मंडळींना ते लहान वाटते. परंतु चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून, लोमंड तळ्याच्या काठावरील रोवरडेनन येथून सुरू होते, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही मैत्रिणींनी जूनच्या एका शुक्रवारी रात्री तळ्याकाठी तंबू लावला होता. लोमंड तळ्याच्या काठच्या ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर या काळात तंबू लावण्यासाठी परवाना लागतो. तो आमच्याकडे होता. पहाटे वारा पूर्ण पडलेला, हवा दमट आणि आभाळ भरलेले होते. पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला आणि मिजेस नावाच्या चिलटांनी आम्हाला वेढले. हा कीटक इतका लहान असतो, की एकटा दिसतही नाही. पण तो हजारोंनी येतो. चावते फक्त मादी, आणि ती आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या मागाने येते. कान, पापण्या, केसांच्या मुळांशी, जिथे त्वचा उघडी होती तिथे सगळीकडे दंश झाले. पोहे शिजले, पण त्यांत इतकी चिलटे पडली होती, की ते टाकून द्यावे लागले आणि आम्ही शेंगदाण्याच्या लाडवांवर डोंगर चढलो. यावर उपाय दोन: चेहऱ्यावर घेण्याची बारीक जाळी जवळ ठेवणे आणि तंबूसाठी झाडीतली आडोशाची जागा न निवडता वारा खेळेल अशी उघडी जागा निवडणे. थोडा जरी वारा सुटला तरी मिजेसना उडता येत नाही. महाराष्ट्रात आपण तंबूसाठी आडोसा शोधतो. इथे उन्हाळ्यात नेमके उलटे करावे लागते.

वर गेल्यावर मात्र वाऱ्याने दुसरी बाजू दाखवली. शिखराच्या अलीकडच्या धारेवर तो इतका जोराचा होता, की मैत्रिणीच्या हातातील नकाशा आवरणासह उडून गेला आणि पाच मिनिटांत ढगही खाली आले. सुदैवाने तिच्याजवळ दुसरी प्रत होती आणि परतीच्या दिशेचे अंश तिने सकाळीच वहीत लिहून ठेवले होते. प्टार्मिगनच्या धारेवरून उतरण्याचा बेत सोडून आम्ही आलो त्याच रुंद, बांधीव वाटेने परतलो.

वेळेच्या हिशेबाबद्दल वर लिहिले आहे, म्हणून थोडी भर घालते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा इथे आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. बेन लोमंडची फेरी साधारण १२ किलोमीटरची आणि चढ सुमारे ९५० मीटरचा, म्हणजे विश्रांती सोडून चार तास. आम्हाला त्याहून बराच जास्त वेळ लागला आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्यामुळे त्याची अडचण झाली नाही. ऑक्टोबरनंतर मात्र हेच गणित अंधारात नेऊन सोडते.

सिएटल, अमेरिका

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस नसतो, बर्फ वितळलेला असतो, त्यामुळे चालण्यासाठी हा सर्वोत्तम काळ मानला जातो. आणि वणव्यांचा धूरही त्याच काळात येतो. रेनियर पर्वताच्या पॅराडाइज भागात आईवडिलांना घेऊन गेलो, तेव्हा ४,३९२ मीटरचा तो संपूर्ण पर्वत धुरामागे अदृश्य होता आणि आईला दम्याचा त्रास असल्याने आम्ही तासाभरातच परत फिरलो. हवामानाबरोबर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांकही आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावा, एवढेच सुचवतो.

डेन्व्हर, अमेरिका

कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर. आपले सर्वांत उंच शिखर जिथे संपते, जवळजवळ तिथे आमचा रोजचा दिवस सुरू होतो, आणि इथल्या डोंगरांविषयी बाकी सर्व गोष्टी या एका वस्तुस्थितीतून निघतात.

नाशिकहून माझे वडील आले होते. कळसूबाईला ते अनेकदा गेलेले आहेत, वय सत्तरीकडे झुकलेले असले तरी दररोज चालतात. कोलोरॅडोत १४,००० फुटांवरच्या शिखरांना फोर्टीनर म्हणतात. त्यांतील एक तरी पाहावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही माउंट बिअरश्टाट निवडला, कारण त्याची वाट ग्वानेला खिंडीतून, सुमारे ३,५५० मीटर उंचीवरून सुरू होते आणि सुरुवातीचा भाग पाणथळ झुडपांतून लाकडी फळ्यांवरून जातो. बाबांना शहरात येऊन आठवडा होऊन गेला होता, तरीही आम्ही आधीची रात्र डोंगराजवळच्या गावात काढली, जेणेकरून उंचीची सवय व्हावी.

पहाटे खिंडीत पोहोचून पिशवी उघडली तेव्हा आईने नाशिकहून पाठवलेल्या फरसाणाचे पाकीट फुगून फुटलेले आणि सगळे कपडे तिखट शेवेने माखलेले होते. हवेचा दाब कमी झाला, की बंद पाकिटातील हवा प्रसरण पावते, हे शाळेत शिकलेले असते. मलमांच्या नळ्या आणि पाण्याच्या पिशव्याही तशाच वागतात. गाडीने घाट चढण्यापूर्वी पाकिटांना टाचणीने भोक पाडून ती डब्यात ठेवणे, हा उपाय आता आमच्या घरी रूढ झाला आहे.

पाणथळ भाग संपून खडा चढ लागल्यावर बाबांचे डोके दुखू लागले. बिअरश्टाटचे शिखर सुमारे ४,२८० मीटरवर आहे आणि तिथल्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. मळमळ नव्हती, चाल सरळ होती, बोलणे स्पष्ट होते, तरी मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि आभाळाकडे पाहिले. इथे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जवळजवळ रोज गडगडाटी ढग तयार होतात. त्यामुळे दुपारी बाराच्या आत शिखर सोडून वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, दिशेने खाली आलेले असावे, हा इथला प्रघात आहे. आणि या शिखराची अडचण अशी, की संपूर्ण वाटच वृक्षरेषेच्या वर, उघड्यावर आहे. साडेदहालाच पश्चिमेला ढगांचे मनोरे उभे राहू लागले होते. शिखर समोर दिसत होते. बाबांना फार वाईट वाटले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते, त्यांनी एकदाच विचारले, "अजून किती?", आणि मी वेळ सांगितल्यावर स्वतःच काठी उलटी वळवली.

गाडीपर्यंत पोहोचण्यापूर्वी गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या गारा आडव्या वाऱ्याने तोंडावर येत होत्या आणि मागच्या धारेवर विजा पडत होत्या. त्या वेळी आमच्याहून वर असलेली माणसे अक्षरशः धावत खाली येत होती. घाट उतरून जॉर्जटाउनला आलो, तोपर्यंत बाबांचे डोके पूर्ण उतरले होते. उंचीच्या त्रासावर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि तो किती झपाट्याने लागू पडतो हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. परतीला महामार्ग ७० वरील रविवारच्या वाहतूक कोंडीत आम्ही कित्येक तास अडकलो. डेन्व्हरच्या वाचकांना त्याविषयी वेगळे सांगायला नको.

भारतातून आईवडील आले, की त्यांना उंच शिखर दाखवण्याची आपल्याला घाई असते. माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांना आधी दोन-तीन दिवस मधल्या उंचीवर राहू द्यावे आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून मगच बेत करावा.

इन्सब्रुक, ऑस्ट्रिया

आमच्या डोंगरात उन्हाळाभर गायी वरच्या कुरणांवर असतात आणि पायवाटा त्याच कुरणांतून जातात. कोल्हापूरहून माझी मावशी आली होती. जेवणासाठी आम्ही एका कुरणावर बसलो असताना दोन गायी शांतपणे जवळ आल्या आणि त्यांतली एक माझ्या पिशवीचा पट्टा चघळू लागली. घामातील मिठासाठी गायी पट्टे, काठ्यांच्या मुठी, टोप्या चाटतात. पट्टा तुटला आणि त्या दिवशी पिशवी एका खांद्यावर वाहावी लागली, एवढेच नुकसान झाले.

गंभीर होऊ शकणारी गोष्ट त्यानंतरची आहे. थोडे वर एका गायीबरोबर वासरू होते. मावशीने हात जोडले आणि सवत्स गायीला स्पर्श करण्यासाठी ती पुढे निघाली. आपल्याकडे यात वावगे काही नाही; गाय दारातली असते, माणसाच्या हाताला सरावलेली असते. आल्प्समधल्या या मातागायी मात्र वासरांसह महिनोन् महिने मोकळ्या असतात आणि परक्याला वासराजवळ येऊ देत नाहीत. तिथल्या गुराखी बाईंनी लांबूनच ओरडून मावशीला थांबवले, हाताने मोठा वळसा घालण्याची खूण केली आणि आम्ही जाईपर्यंत गाय आणि आमच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये इथल्याच श्टुबाई खोऱ्यातील पिनिस भागात कुत्र्यासह चाललेल्या एका जर्मन पर्यटक महिलेचा गायींच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता; तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये सरकारने कुरणांतून चालणाऱ्यांसाठी दहा नियम जाहीर केले. अंतर ठेवणे, वासरांना हात न लावणे, कुत्रा आखूड साखळीने धरणे आणि गायीने हल्ला केलाच तर कुत्र्याला सोडून देणे, हे त्यांतले मुख्य. गायीने मान खाली घालून आपल्याकडे रोखून पाहिले, की शांतपणे, पाठ न दाखवता मागे सरावे. घरून आलेल्या पाहुण्यांना हे कुरणावर पोहोचण्यापूर्वी सांगावे, कारण त्यांचा हात श्रद्धेने पुढे होणारच.

बर्न, स्वित्झर्लंड (पुन्हा)

सर्वांचे अनुभव वाचून फार आनंद झाला. मदतीसाठीच्या क्रमांकांबद्दल एका वाचकांनी विचारले आहे. संपूर्ण युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही ११२ चालतो. ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२ वर आधी पोलिसांची आणि मग माउंटन रेस्क्यूची, म्हणजे डोंगरातील बचाव पथकाची, मागणी करावी. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचावसेवेचा क्रमांक १४१४ आहे. दूरध्वनी चालत नसेल तर आल्पाइन संकटखूण वापरावी: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर म्हणून मिनिटाला तीन खुणा येतात. हे मुलांनाही शिकवून ठेवावे.

टोकियो, जपान

फुजी पर्वत, ३,७७६ मीटर, हा इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या यादीत असतो. अधिकृत हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून साधारण १० सप्टेंबरपर्यंतच असतो. बहुतेक लोक योशिदा वाटेने, सुमारे २,३०० मीटरवरील पाचव्या टप्प्यापर्यंत बसने येऊन चढतात. २०२५ पासून या वाटेवर माणशी ४,००० येन शुल्क आहे आणि निवाऱ्याचे आरक्षण नसलेल्यांसाठी प्रवेशद्वार दुपारी दोन ते पहाटे तीन बंद असते. रात्रभर न थांबता चढून सूर्योदय गाठण्याच्या प्रकारामुळे अनेकांना उंचीचा त्रास होत असे, त्याला आळा बसावा हा यामागचा हेतू आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो.

आम्ही काही सहकारी आणि आमच्यापैकी एकाची विद्यार्थिनी असलेली भाची, असे गेलो होतो. वर पाऊस नव्हता, पण ढगातून जाताना कपडे ओले झाले आणि शिखरावर पहाटे ऑगस्टमध्येही हात बधिर करणारी थंडी होती. मधल्या टप्प्यांवरील स्वच्छतागृहांसाठी प्रत्येक वेळी २००-३०० येन द्यावे लागतात आणि ते नाण्यांतच लागतात. आमच्यातील एका कुटुंबाची नाणी आठव्या टप्प्यावरच संपली आणि मग सर्वांनी आपापली नाणी एकत्र करून वाटून घेतली.

खरी अडचण उतरताना आली. योशिदाची उतरण्याची वाट वेगळी आहे, ज्वालामुखीच्या सुट्या लाल-काळ्या खड्यांची, आणि आठव्या टप्प्याजवळ तिला फाटा फुटतो. एक वाट योशिदाला जाते, दुसरी सुबाशिरीला, म्हणजे पर्वताच्या पूर्वेकडे, वेगळ्याच प्रांतात. ढगात पुढच्या गटामागे चालत भाची सुबाशिरीच्या पाचव्या टप्प्यावर उतरली. आम्ही योशिदाला वाट पाहत होतो. दूरध्वनी लागला तेव्हा ती रडवेली झाली होती. पण तिथल्या दुकानातील आजींनी तिला बसवून अळंब्यांचा गरम चहा दिला आणि कागदावर बसची वेळ, रेल्वे स्थानकाचे नाव आणि गाडी बदलण्याची जागा लिहून दिली. रात्री ती आमच्यानंतर थोड्याच वेळाने सुखरूप टोकियोला पोहोचली.

फुजीवरच्या पाट्यांना रंग ठरवून दिलेले आहेत: योशिदा पिवळा, सुबाशिरी लाल, गोतेंबा हिरवा आणि फुजिनोमिया निळा. चढण्यापूर्वी गटातील प्रत्येकाने आपला रंग पाठ करावा आणि फाट्यावर सर्वांनी एकमेकांसाठी थांबण्याचे ठरवावे.

ऑस्लो, नॉर्वे

इथल्या पर्यटन संघटनेची, डीएनटीची, स्थापना १८६८ मध्ये झाली आणि तिचे डोंगरातील शेकडो निवारे देशभर पसरलेले आहेत. त्यांतील अनेकांत कोणी व्यवस्थापक नसतो. सभासदाला एक ठरावीक किल्ली मिळते, तीच बहुतेक दारांना लागते. आत सरपण, भांडी, पांघरुणे आणि काही निवाऱ्यांत शिधाही असतो. काय वापरले ते आपणच लिहायचे आणि पैसे नंतर भरायचे. या विश्वासाच्या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सप्टेंबरच्या एका शनिवारी ओढा ओलांडताना आमच्या शिध्याच्या पिशवीत पाणी गेले. आठवडाभराच्या पावसाने ओढा फुगलेला होता. आम्ही पिशव्यांचे कमरेचे पट्टे सोडून, काठ्यांचा आधार घेऊन, प्रवाहाकडे तोंड करून पार झालो, पण थालीपिठाची भाजणी आणि तांदूळ यांचा लगदा झाला. निवाऱ्यातील कोठारात डबे पुष्कळ होते. आम्ही दोघेही शाकाहारी असल्यामुळे त्यांतील मांस-मासळीचे बाजूला ठेवून ओटची लापशी, कुरकुरीत भाकरी आणि वाटाण्याचे पीठ निवडले. वाटाण्याचे पीठ, बरोबरच्या पुडीतील हळद-तिखट आणि मीठ यांचे पिठल्यासारखे काही तरी झाले आणि निवाऱ्यातील दोघा नॉर्वेजियन तरुणींनीही ते आवडीने खाल्ले.

रविवारी सकाळी पुढच्या खिंडीत ताजा बर्फ पडलेला दिसला. नॉर्वेत डोंगरासाठी नऊ नियमांची एक यादी सर्वत्र लावलेली असते. त्यांतील आठवा नियम म्हणतो, की वेळीच परत फिरा, त्यात लाज नाही. आमच्याजवळ बर्फासाठीची साधने नव्हती, तेव्हा खिंडीचा बेत रद्द करून ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पुलावरून लांबच्या वाटेने आम्ही रस्त्यावर आलो. बस संध्याकाळची एकच होती आणि ती मिळाली. घेतलेल्या शिध्याची रक्कम घरी आल्यावर त्याच रात्री भरली.

एक प्रश्न विचारून थांबते. पुढच्या उन्हाळ्यात हार्डांगरविड्डा पठारावर एका निवाऱ्याहून दुसऱ्याकडे चालत जाण्याचा विचार आहे आणि बरोबर माझा दहा वर्षांचा मुलगा असेल. जूनच्या अखेरीस तिथे बर्फ शिल्लक असतो आणि ओढे फुगलेले असतात असे इथले लोक सांगतात. लहान मुलांना घेऊन तिथे कोणी गेले असेल, तर कोणता आठवडा निवडला, रोज किती अंतर ठेवले आणि ओढे कसे ओलांडले, ते कृपया लिहावे.